झाकणाच्या अलीकडे

हॅकसॉने शिशाच्या जुन्या बॅटरीचं झाकण कापायला मला जवळपास तासभर लागला. ॲसिड आधी काढून घेतलं होतं, आत तीनदा पाणी फिरवून ओतलं होतं. जाड रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, सगळा जामानिमा होता. डोक्यात चित्र असं होतं की झाकण निघेल, खराब प्लेटा दिसतील, त्या काढायच्या, चांगल्या घालायच्या, परत बंद करायचं. झाकण निघालं. सहा कप्पे आणि प्रत्येकात प्लेटांचा घट्ट गठ्ठा. एक गठ्ठा पकडीने वर ओढला तर अर्धाच आला. काळपट तपकिरी पॉझिटिव्ह प्लेट ओल्या पुठ्ठ्यासारखी झाली होती. बोटांनी जरा दाबली तर जाळीच्या काड्या तुटून पडल्या आणि मधला लगदा चिखलासारखा मोज्यांवर उतरला. कप्प्याच्या तळाशी दोन बोटं गाळ साचला होता. अंगातल्या सुती शर्टाला त्या दिवशी एकही डाग दिसला नाही. दोन दिवसांनी तो धुतला, तेव्हा त्याला चाळणीसारखी भोकं पडली.

शर्टाचं काही वाटलं नाही. रात्री झोप लागेना ती मोज्यांवरच्या चिखलामुळे. तो मी धुतला कुठे? अंगणातल्या नळाखाली. ते पाणी गेलं कुठे? नळाच्या बाजूच्या मातीत.

वीजकंपनीच्या तारेशिवाय राहण्याचं आकर्षण आज सगळीकडे वाढतंय. छपरावर सौर पॅनेल, कोपऱ्यात बॅटऱ्या, आणि बिलाशी देणंघेणं नाही. या सगळ्या मांडणीतली कच्ची कडी म्हणजे बॅटरी. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं निमूट काम करतं, बॅटरी तीन-चार वर्षांत मान टाकते. मग विचार येतोच. शिसं तर आत जसंच्या तसं आहे, ॲसिड मिळतं, प्लेटा ओतता येतील, तर आपली बॅटरी आपणच का बांधू नये? पॅनेल घरी बनत नाही, लिथियमचा सेल तर नाहीच नाही, पण शिशाची बॅटरी एकोणिसाव्या शतकातल्या माणसाने हाताने बनवली होती. तेव्हा जुनी बॅटरी उघडून नव्याने बांधता येणं हीच स्वावलंबनाची खरी कसोटी, असं बरेच जण मनापासून सांगतात. मीही त्यांच्यातलाच होतो, म्हणून तर करवत हातात घेतली.

आज माझं मत वेगळं आहे. बॅटरी जगवणं हे घरचं काम आहे आणि ते प्रत्येकाला आलं पाहिजे. बॅटरी उघडून, शिसं वितळवून पुन्हा बांधणं हे घरचं काम नाही, आणि त्याला स्वावलंबन म्हणणं ही फसवणूक आहे. दोन्हींच्या मधली रेषा म्हणजे ते प्लास्टिकचं झाकण. झाकणाच्या अलीकडे जे काही आहे, पाणी, चार्जिंग, मोजमाप, जोडण्या, ते सगळं आपलं. पलीकडचं नाही. ते झाकण न उघडण्याजोगं कोणी केलं आणि का, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा. त्याकडे पुढे येतो.

आधी त्या एकोणिसाव्या शतकातल्या माणसाबद्दल. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे एकमेकांना टेकणार नाहीत असे गुंडाळून पातळ गंधकाम्लात बुडवले आणि पहिली पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. हे घरी जमतं. मी केलंय. काचेच्या बरणीत दोन पट्ट्या, दोन व्होल्टचा दाब, आणि एक लाल एलईडी काही मिनिटं मिणमिणत राहतो. मुलांना दाखवायला छान आहे. पण गुळगुळीत पत्र्यावर वीज साठवायला पृष्ठभागच फारसा नसतो. तो सच्छिद्र व्हावा म्हणून प्लाँतेला त्याच पत्र्यांना पुन्हापुन्हा चार्ज-डिस्चार्ज करत बसावं लागायचं. ही अडचण १८८१ मध्ये कामिय फोरने सोडवली. शिशाच्या ऑक्साइडचा लगदा त्याने थेट पत्र्यावर थापला. त्यातून पुढे जाळी आणि तिच्यात भरलेला लगदा ही रचना आली, आणि थोड्याफार फरकाने आजची प्लेट तीच आहे. म्हणजे ज्या क्षणी बॅटरी उपयोगाची झाली, त्याच क्षणी तिच्यात शिशाची भुकटी आली. पत्रा हाताळणं वेगळं आणि भुकटी हाताळणं वेगळं. घरगुती पुनर्बांधणीच्या उत्साहात हा फरक बुडून जातो.

आता बॅटरी मरते म्हणजे काय होतं, ते पाहू. चार्ज झालेल्या सेलमध्ये, म्हणजे बॅटरीच्या एका कप्प्यात, पॉझिटिव्ह प्लेटवर शिशाचा डायऑक्साइड असतो, निगेटिव्हवर स्पंजासारखं भुसभुशीत शिसं. वीज काढली की दोन्हींवर लेड सल्फेट तयार होतं आणि द्रवातलं आम्ल तेवढं कमी होतं. म्हणून तर काचेच्या नळीतल्या तरंगत्या हायड्रोमीटरला, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या साधनाला, बॅटरीच्या पोटातलं कळतं. भरलेल्या सेलमध्ये घनता १.२६ ते १.२८ च्या आसपास, पुरत्या उतरलेल्या सेलमध्ये १.१२ च्या आसपास. ताजं सल्फेट बारीक असतं आणि चार्ज करताना सहज विरघळतं. बॅटरी उतरलेलीच आठवडेच्या आठवडे पडून राहिली की तेच कण मोठे होत जातात, कडक होतात आणि चार्जिंगला दाद देत नाहीत. बॅटरी सल्फेट झाली म्हणतात ती ही. सौरऊर्जेवरच्या घरात हे फार होतं, कारण तिथे बॅटरी रोज थोडी उपाशी राहते. ढगाळ आठवडा गेला, पूर्ण चार्ज झालाच नाही, पण दिवे लागले म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसरं मरण पाण्याचं. चार्जिंगच्या शेवटी पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघून जातात, पातळी खाली येते, प्लेटांचे शेंडे उघडे पडतात आणि वाळतात. तिसरं, जड आम्ल तळाशी बसतं, वरचा द्रव पातळ राहतो, आणि प्लेटचा खालचा भाग एका जगात, वरचा दुसऱ्या जगात राहतो. हे तिन्ही रोग वेळेत कळले तर बरेचसे बरे होतात, आणि तिन्हींचा इलाज बाहेरून करता येतो.

चौथा आणि पाचवा रोग मात्र वेगळे. पॉझिटिव्ह जाळी वर्षानुवर्षं गंजत जाते, आणि लगदा कण-कण सुटून तळाशी गाळ होतो. गाळ वाढून प्लेटांना टेकला की सेल आतल्या आत शॉर्ट. माझ्या हातात मोडलेल्या काड्या म्हणजे हीच गंजलेली जाळी. तिच्यावर कोणतंही चार्जिंग, कोणताही पल्स, कोणतंही औषध चालत नाही. जिचा सांगाडाच गेला ती बॅटरी जिवंत करायची म्हणजे पुनर्बांधणी नाही, नव्याने निर्मितीच.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी एकच: रोग अलीकडचा की पलीकडचा? याचं उत्तर व्होल्टमीटर देत नाही. नुकत्याच चार्ज केलेल्या मेलेल्या बॅटरीवरही तो १२.७ दाखवतो आणि आपण खूश होतो. बॅटरी रात्रभर मोकळी ठेवायची, मग मोजायची. मग तिच्यावर ठरावीक भार टाकायचा. मी गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब वापरतो, तो साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो. घड्याळ लावून बसायचं. शंभर अँपिअर-तासांची म्हणवणारी बॅटरी आठ तासांत मावळली, तर तिच्यात छत्तीसच उरलेत. एवढा साधा हिशेब. पण जुन्या बॅटऱ्यांच्या गप्पा मारणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी ही चाचणी कधी केलेली नसते, असा माझा अनुभव आहे. ते ‘जिवंत झाली’ म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा फक्त व्होल्टेज म्हणायचं असतं.

रोग अलीकडचा निघाला तर काम संथ आहे आणि त्यात दाखवण्यासारखं काही नाही. बुचाच्या, म्हणजे पाणी घालता येणाऱ्या बॅटरीत प्लेटा बुडतील इतपत डिस्टिल्ड पाणी. ॲसिड घालायचं नाही. इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. घनता कमी दिसते म्हणून वरून ॲसिड ओततात. अरे, पण ॲसिड हरवलेलं नाही, ते सल्फेट होऊन प्लेटांवर बसलंय. वरून ओतून घनतेचा आकडा वाढवणं म्हणजे काट्यावर हात दाबून वजन वाढलं म्हणण्यासारखं. मग शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीला दोनेक अँपिअरचा बारीक चार्ज, दोन-दोन, तीन-तीन दिवस. शेवटी सेलमागे अडीच व्होल्टच्या आसपास नेऊन सगळ्या सेलना समान पातळीवर आणणारा ताण. त्यात जो बुडबुड्यांचा खळाळ होतो तो तळाचं जड आम्लही ढवळून काढतो. दर काही तासांनी हायड्रोमीटर बुडवायचा, सहाही सेलची घनता वहीत लिहायची. हात लावून बॅटरी तापली का पाहायचं, तापली तर थांबायचं. खिडक्या उघड्या ठेवायच्या, कारण हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. ओळीने तीन तास घनता हलली नाही की समजायचं, जेवढं परत यायचं तेवढं आलं. आणि हे सगळं सीलबंद बॅटरीवर करायचं नाही. तिचं उडालेलं पाणी परत घालायची सोयच नसते.

माझ्या हाताखालून टाकून दिलेल्या अकरा बॅटऱ्या गेल्या. चार कामाला लागल्या. नव्यासारखी एकही झाली नाही. दोघींनी मूळ क्षमतेच्या निम्म्याहून थोडी जास्त दिली, दोघींनी त्याहून कमी. रात्री चार दिवे आणि एक रेडिओ यासाठी ते पुष्कळ आहे, फ्रिजसाठी काहीच नाही.

जादूच्या पुड्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती बॅटरीपेक्षा मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एडी-एक्स-टू नावाची पावडर विकली जात होती. ती बॅटरीत टाका, आयुष्य वाढेल. तिच्यात मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियमचं सल्फेट होतं, म्हणजे आजही ‘घरगुती उपाय’ म्हणून लोक बॅटरीत घालतात त्याच जातीची मिठं. तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने चाचण्या करून सांगितलं की काही उपयोग होत नाही. विक्रेत्याने राजकारण्यांकडे दाद मागितली, आणि १९५३ साली संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांना पद सोडायला सांगण्यात आलं. शास्त्रज्ञांनी एवढा गदारोळ केला की सरकारला माघार घ्यावी लागली. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने पुन्हा तपासलं आणि संस्थेचंच म्हणणं बरोबर ठरवलं. ॲस्टिन पुढे १९६९ पर्यंत त्याच पदावर होते. इतकं होऊनही पुड्या विकल्या जातातच. का, तर पुडी घातलेल्या बॅटरीला माणूस पाणीही घालतो आणि दोन दिवस चार्जिंगलाही लावतो. गुण येतो तो त्या दोन दिवसांचा, श्रेय जातं पुडीला.

आता झाकणाच्या पलीकडे. तिथली पहिली गोष्ट विषाचीही नाही, साध्या रसायनाची आहे. शिसं ३२७ अंशांना वितळतं, चुलीवर वितळतं, त्यामुळे लोकांना वाटतं जुन्या प्लेटा कढईत टाकल्या की शिसं हाती आलं. हाती येतं ते जाळीचं आणि प्लेटा जोडणाऱ्या पट्ट्यांचं. बाकी जो लगदा आहे, आणि बॅटरीतल्या शिशाचा मोठा वाटा त्यातच असतो, ते सल्फेट आणि ऑक्साइड. सल्फेट त्या तापमानाला वितळतच नाही. त्यातून शिसं काढायचं तर कोळसा, इतर पदार्थ, हजार अंशांच्या आसपासची भट्टी आणि निघणारा वायू अडवणारी गाळणी लागते. घरच्या कढईत ते सगळं करड्या-पिवळ्या मळीच्या रूपात वर तरंगतं. ती मळी पळीने काढून बाजूला टाकली जाते. कुठे बाजूला? अंगणात. आणि हाती आलेल्या शिशापासून ओतलेल्या जाळीत भरायला लगदा लागतोच, म्हणजे ऑक्साइडची भुकटी आता विकत आणायची. मूळ परावलंबन होतं तिथेच राहिलं, फक्त त्याला धुराची आणि धुळीची जोड मिळाली.

सेनेगलची राजधानी डाकारच्या उपनगरात, थियारॉय-सूर-मेर इथे, लोक जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढत असत. तो कारखाना नव्हता, रोजगार होता. पुढे शिशाने भरलेली तिथली मातीही विकली जाऊ लागली, तेव्हा बायका ती चाळू लागल्या, पोती भरून घरात ठेवू लागल्या. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात त्या वस्तीतली १८ लहान मुलं दगावली. सुरुवातीला कोणाला कारण कळेना. जागतिक आरोग्य संघटनेने तपास केला, तेव्हा मेलेल्या मुलांच्या भावंडांच्या आणि आयांच्या रक्तात भरमसाट शिसं सापडलं. आपल्या हाताने, आपल्या अंगणात, कोणाच्या नोकरीत न राहता केलेला तो उद्योग होता. स्वावलंबनाची जी व्याख्या आपण करतो, तिच्यात तो अगदी चपखल बसतो.

मूल मोठ्या माणसापेक्षा पोटात गेलेलं शिसं चार ते पाच पट जास्त शोषतं. जमिनीवर रांगतं, हात तोंडात घालतं, आणि मेंदू घडत असतानाच ते शिसं पोहोचतं. शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली मांडलेल्या अंदाजानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे जवळपास ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे. त्यामागच्या मोठ्या कारणांत त्यांनी शिशाच्या बॅटऱ्यांची नियमाबाहेरची फोडाफोड धरली आहे. गाड्यांच्या पेट्रोलमधलं शिसं २०२१ साली जगातून संपलं, शेवटचा देश अल्जीरिया होता. म्हणजे नळकांड्यातून येणारं शिसं थांबवायला आपल्याला शतकभर लागलं, आणि आता ते कढईतून परत आणायचं?

यावर तीन आक्षेप येतात, आणि तिन्ही मी स्वतः कधी ना कधी घेतले आहेत.

एक म्हणजे, कारखाने काय कमी घाण करतात? करतात. गाळणी नसलेला कारखाना शंभर कढयांपेक्षा वाईट. पण कारखान्याच्या धुराड्यावर नियम लावता येतो, त्याची तपासणी मागता येते, बातमी होते, खटला होतो. माझ्या परसातल्या कढईवर कोणाची नजर नाही, आणि नसावी असंच मला वाटतं, म्हणून तर मी तारेपासून सुटायला निघालोय. जिथे नजर नको तिथे विषही नको.

दुसरा आक्षेप सुखवस्तूपणाचा. नवी बॅटरी परवडते त्याने उंटावरून शेळ्या हाकू नयेत. हा आक्षेप मला टोचतो, कारण तो खरा आहे. ज्याच्याकडे पर्याय नाही त्याला ‘करू नकोस’ म्हणून गप्प बसणं हा निर्लज्जपणा आहे. त्याला दुसरी वाट दाखवली पाहिजे. पण ती वाट कढईकडे जात नाही, कारण कढईचा खर्च तो भरत नाही, त्याचं मूल भरतं, आणि शेजाऱ्याचंही. धूळ कुंपण मानत नाही. गरिबाचं घर लहान, अंगण लहान, मुलं जवळ. जो प्रयोग मोठ्या आवारात कदाचित पचून जाईल तो तिथे मुळीच पचत नाही.

तिसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा. आमच्या आधीच्या पिढ्या हेच करत होत्या. हो, करत होत्या, आणि इथे गोष्ट मजेदार वळण घेते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बॅटरी बांधणं हा रीतसर धंदा होता. बॅटरीची पेटी कडक रबराची असे, वर डांबरासारख्या पदार्थाने बुजवलेली. सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या झाकणाच्या वर, उघड्यावर. कारागीर डांबर तापवून मऊ करायचा, पट्टी कापायचा, एकच दोषी सेल वर ओढायचा, लाकडी सेपरेटर, म्हणजे प्लेटा एकमेकींना टेकू न देणारा पडदा, बदलायचा, नव्या प्लेटा बसवून ज्योतीने पट्टी पुन्हा जोडायचा. बाकीच्या सेलना हात न लावता. त्या कारागिरांनाही शिसं बाधायचं, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण त्या कामात त्याने लगदा खरवडला नाही, प्लेटा चुलीवर ठेवल्या नाहीत. तयार प्लेटांचा गठ्ठा काढून तयार गठ्ठा बसवला. ते शक्य होतं कारण वस्तूच उघडण्यासाठी बनवलेली होती.

नंतर पेटी पॉलिप्रॉपिलीनची झाली, झाकण उष्णतेने कायमचं डकवलं गेलं, आणि दोन सेलमधला जोड कप्प्याच्या भिंतीला भोक पाडून आरपार वेल्ड झाला. यात फायदे खरे आहेत. बॅटरी हलकी झाली, स्वस्त झाली, गळती कमी झाली, जोडाची लांबी घटली. पण सहापैकी एक सेल गेला की बाकीचे पाच भंगारात जाऊ लागले. मी करवतीने कापलेल्या बॅटरीत तेच होतं. मोडलेली प्लेट दुसऱ्या सेलमधली, आणि शेवटच्या दोन सेलच्या प्लेटा मी सुरीने खरवडून पाहिल्या तर अगदी धड होत्या. त्यांना वाचवायचा कोणताही मार्ग नव्हता.

माझी खरी तक्रार इथे आहे. लोक कढईकडे वळतात त्याचं अर्धं पाप या डकवलेल्या झाकणाचं आहे. आणि हे अपरिहार्य होतं असंही नाही. गोदामातली मालवाहू फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या बॅटऱ्या बघा. दोन-दोन व्होल्टचे सुटे सेल, पोलादी ट्रेमध्ये एकाला एक लावून ठेवलेले. बऱ्याच ठिकाणी वरून बोल्टने जोडलेले असतात. एक सेल गेला तर तेवढाच उचलून दुसरा बसवतात, कारण तिथे ग्राहक कंपनी असते आणि ती पाच धड सेल फेकून द्यायला तयार नसते. टेलिफोन केंद्रांतल्या आणि मोठ्या सौर प्रकल्पांतल्या नळीदार प्लेटांच्या सेलचंही तसंच. त्यातले कित्येक पारदर्शक डब्यांत येतात. पाण्याची पातळी दिसते, तळाचा गाळ दिसतो, प्लेटचा रंगही दिसतो. नीट जपले तर असे सेल वीस-वीस वर्षं चालतात. म्हणजे दुरुस्त होणारी बॅटरी बनवता येते, बनवली जाते, विकली जाते. फक्त ती ज्यांच्याकडे घासाघीस करायची ताकद आहे त्यांना मिळते. घरगुती ग्राहकाच्या वाट्याला सीलबंद सहा कप्पे.

तेव्हा सार्वजनिक मागणी करायची तर ही करावी. घरगुती साठवणीसाठी विकली जाणारी शिशाची बॅटरी सेलनुसार सुटी होणारी असली पाहिजे, सेल सुटे मिळाले पाहिजेत, आणि बनवणाऱ्याने मेलेला सेल परत घेतला पाहिजे. हे स्वप्नरंजन नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांत विजेवर चालणाऱ्या सायकलींसारख्या हलक्या वाहनांच्या बॅटऱ्यांबाबत असं बंधन घातलं आहे की केवळ बॅटरीच नव्हे, तिच्यातले सुटे सेलही स्वतंत्र कारागिराला काढता आणि बदलता आले पाहिजेत. सायकलच्या बॅटरीला जो न्याय, तो घराच्या बॅटरीला का नको? स्वावलंबनाच्या चळवळीतली मंडळी प्लेटा कशा ओताव्यात यावर रात्र-रात्र बोलतात. त्यातला शतांश जोर या मागणीमागे लावला असता तर आतापर्यंत काही हललं असतं. कायद्याच्या वाटेला जायचं नाही, सरकारकडे काही मागायचं नाही, हा एक अभिमान या मंडळींत असतो. मला तो समजतो. पण ज्याला शिसं लागतं, ॲसिड लागतं, सेपरेटर लागतो, त्याने आपण कोणावर अवलंबून नाही असं म्हणणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं.

आणि शिसं परत करण्याबद्दल संकोच कशाला? बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं आणि नीट भट्टीत ते जवळजवळ सगळं परत मिळतं, पुन्हापुन्हा. फार थोड्या वस्तूंच्या बाबतीत हे म्हणता येतं. मेलेली बॅटरी अखंड, ॲसिडसकट, उभी ठेवून परत देणं यातच तिचा पुनर्जन्म आहे. फक्त तो आपल्या अंगणात होत नाही, एवढंच.

लिथियम आयर्न फॉस्फेट आल्यावर हा सगळा वादच शिळा झाला, असं कोणी म्हणेल. वजनाला हलकी, जास्त वेळा चार्ज होणारी, अर्धवट चार्जने न सल्फेट होणारी. ज्याला जमेल त्याने जरूर घ्यावी. पण जगात शिशाच्या बॅटऱ्या अजून ढिगाने आहेत आणि राहणार आहेत, आणि सुट्या सेलचा, डकवलेल्या झाकणाचा प्रश्न तिकडेही तसाच उभा आहे.

घरात मात्र सगळ्यात स्वस्त बॅटरी ती, जी लागतच नाही. पंप ऊन असताना चालवायचा आणि पाणी वरच्या टाकीत चढवून ठेवायचं. ती टाकी म्हणजे न गंजणारी, न सल्फेट होणारी साठवण. इस्त्री, मिक्सर, धुणं दुपारी. रात्रीला दिवे आणि पंखा उरला की शंभर अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्यापर्यंतच उतरवून, म्हणजे सहाशे वॉट-तासांत, रात्र निघते. निम्म्यावर थांबणारी बॅटरी तळापर्यंत रिकामी होणाऱ्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त वर्षं जगते. उष्णतेचंही तसंच. सतत आठ-दहा अंशांनी जास्त तापमानात राहणाऱ्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तिला गच्चीवरच्या पत्र्याखालून काढून घरातल्या थंड, हवेशीर कोपऱ्यात आणणं हे कुठल्याही पुडीपेक्षा गुणकारी. बैल गेल्यावर झोपा करण्यापेक्षा हे बरं, पण या कामांचे कोणी फोटो काढत नाही.

माझ्याकडे आता दोन व्होल्टचे बारा सुटे सेल आहेत, जुनेच, कोणीतरी बदलून टाकलेले. गेल्या महिन्यात वहीत सातव्या सेलची घनता बाकीच्यांपेक्षा मागे पडताना दिसली. तीन आठवडे बारीक चार्ज देऊन पाहिला, हलली नाही. पारदर्शक भिंतीतून तळाचा गाळ प्लेटांच्या अगदी जवळ आलेला दिसतो. पान्याला टेप गुंडाळला, दोन बोल्ट सैल केले, सेल उचलून बाहेर ठेवला. तो जसाच्या तसा, ॲसिडसकट, परत जाईल.

नळाजवळची माती मी बॅटरी कापली त्याच आठवड्यात वीतभर खोल खणून काढली होती, आणि दुहेरी पिशवीत बांधून पोत्यात भरली होती. पोतं अजून छपराखाली आहे. मेलेला सेल वजनावर घेणारे पुष्कळ भेटले. मातीचं विचारलं की सगळे हसतात.